बाजूच्या सीटचं वजन

कुरिअरच्या ऑफिसात काउंटरवर पुठ्ठ्याची एकच लांबट नळी होती आणि तिच्यावर एकदम दोन हात पडले. एक माझा, नखांत कायमचं ऑइल बसलेला. दुसरा लांब बोटांचा, स्वच्छ, आणि त्याला औषधांचा वास.

"माझं आहे ते," मी म्हटलं.

"असेलही," हाताचा मालक म्हणाला. "पण मीही अशीच नळी न्यायला आलोय."

"आत काय आहे तुमच्या नळीत?"

"कॅमशाफ्ट."

मी पहिल्यांदा मान वर करून बघितलं. त्या काउंटरवर मी वर्षानुवर्षं येतेय, पण हा शब्द माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. तो उंच होता. केस पावसाने कपाळाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर... कसं सांगू... समोरच्याने घाबरू नये म्हणून जपून उभं राहणाऱ्या माणसाचा भाव. असं उभं राहणं त्याच्या धंद्यातून आलं होतं, हे नंतर कळलं.

लेबल वाचलं. नळी त्याचीच निघाली. माझी अजून वाटेतच होती. खरं तर तिथे विषय संपायला हवा होता. पण लेबलवरच्या आकड्यावर माझी नजर अडकली.

"तीनशे चार अंश?" मी म्हटलं. "कुठल्या शर्यतीला निघालात?"

"शर्यत? छे हो. दवाखान्यात. मी जनावरांचा डॉक्टर आहे. वर घाटात."

मला हसू आवरलं नाही. तोंड आवरणं मला जन्मात जमलेलं नाही, म्हणून तर घरीदारी सगळे मला 'ठिणगी' म्हणतात. तो रागावेल असं वाटलं, पण त्याने नळी कोटाच्या आत सरकवली आणि गंभीरपणे विचारलं, "एवढं चुकलं का?"

बाहेर पाऊस पडत होता. जायला निघालेला, तरी दारात घुटमळणारा पाऊस. आम्ही दोघं पायरीवर थांबलो.

"बसवणार कोण हा कॅम?" मी विचारलं.

"तेच शोधतोय. एखादं चांगलं गॅरेज माहितीये तुम्हाला?"

"आहे एक. पण तिथली बाई फार फटकळ आहे."

"चालेल," तो म्हणाला. "माझे पेशंट लाथा मारतात."

गॅरेज माझ्या मामाचं, घराला लागूनच. शाळा सुटली की घरी न जाता मी तिथे जायचे, आणि मग कायमचीच तिथली झाले. आमची वाटणी ठरलेली आहे: इंजिन मामाचं, कॅम माझा. आणि कॅमच्या बाबतीत माझा एक नियम आहे. गिऱ्हाईक गाडी कशी चालवतं, हे बघितल्याशिवाय मी कॅम निवडत नाही.

दोन दिवसांनी डॉक्टर गाडी घेऊन आला. जुनी, चौकोनी, पुसट हिरव्या रंगाची गाडी. मी बॉनेट उघडलं आणि माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले.

"रोज कुठे चालवता?"

"घाटात. चढ, उतार, परत चढ."

"कोणत्या गिअरमध्ये?"

"बहुतेक वेळ दुसऱ्यात."

"गाडीत साधारण माणसं किती?"

"एक," म्हणाला. "म्हणजे... मीच."

हा प्रश्न मी प्रत्येक गिऱ्हाईकाला विचारते, वजनाचा अंदाज यावा म्हणून. पण त्या दिवशी उत्तर ऐकून मला उगाचच बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा राग आला. मी बॉनेटमध्ये जरा जास्तच वाकले.

"हे बघा," मी त्याचा तीनशे चारचा कॅम नळीतून काढून बाकावर ठेवला. "हा लोखंडी दांडा. त्याच्यावर हे अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरतो, उंचवटा व्हॉल्व्हला ढकलतो, दार उघडतं आणि इंजिन श्वास घेतं. दार कधी उघडायचं, किती उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, सगळं या उंचवट्यांवर. अंशांचा आकडा जितका मोठा, तितका जास्त वेळ दार उघडं. काही गाड्यांना टर्बो असतो, तो हवा आत कोंबतो. तुमच्या गाडीला तसं कोणी नाही. ती आपल्या छातीवर जगते."

"मग दार जास्त वेळ उघडं राहिलं तर चांगलंच की."

"धावणाऱ्याला चांगलं. तुमच्यासारखं हळू चढणाऱ्याला नाही. आत आलेली हवा दार मिटायच्या आधी परत बाहेर जाते. हा कॅम बसवलात तर साडेचार हजार आरपीएमच्या खाली गाडी मेलेली, आणि वर पिसाळलेली."

"पिसाळलेली नको," तो म्हणाला. "तेवढी इंजेक्शनं नाहीत माझ्याकडे."

मागून मामा खो खो हसला. मामा गिऱ्हाइकांसमोर सहसा हसत नाही.

मग नियमाप्रमाणे आम्ही घाटात निघालो, तो चालवायला आणि मी बघायला. पण पुढच्या सीटवर लसींची थंड पेटी होती, पट्टा लावून बसवलेली. ती हलली तर आतल्या बाटल्या फुटतात, आणि सीट सोडून दुसरी तिची जागाच नव्हती. मी मागे बसले.

"वाईट वाटतं तुम्हाला मागे बसवायला," तो आरशात बघून म्हणाला.

"काय करणार. पुढची जागा भरलेली आहे."

"हो... सवय झालीय तिची."

आरशात त्याचे फक्त डोळे दिसत होते. रस्त्याकडे बघून झालं की ते माझ्याकडे यायचे, मी बघितलं की पुन्हा रस्त्याकडे जायचे. मी आरपीएमचा काटा बघायचं काम करत होते. निदान तसं दाखवत तरी होते.

चौथ्या वळणावर दुधाची गाडी हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेली, रिकामे कॅन खडखडवत.

"रोज जातो," डॉक्टर म्हणाला. "रोज हॉर्नही वाजवतो."

"म्हणून शर्यतीचा कॅम मागवलात? दूधवाल्याला हरवायला?"

तो हसला नाही. "गेल्या हिवाळ्यात एक घोडी विताना अडली होती," तो म्हणाला. "वरच्या वस्तीत. मी निघालो तेव्हा ती वाचण्यासारखी होती. ही गाडी दुसऱ्यात रडत रडत चढली... पोचलो तेव्हा ती म्हातारी मालकीण घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मला काही बोलली नाही ती. बोलली असती तर बरं झालं असतं." त्याने गिअर बदलला. "घरी आलो आणि पुस्तकात सगळ्यात मोठा आकडा होता तो कॅम मागवला."

मी पुढे हात करून त्याच्या खांद्यावर ठेवावा असं फार वाटलं. ठेवला नाही. समोरच्या सीटची पाठ धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी दोन कॅम बाकावर मांडले. एक दोनशे बहात्तरचा, एक दोनशे साठचा. दोन्ही त्याच्या गाडीला चालणारे. पहिला जरा वेग चढल्यावर खेचणारा. दुसरा आणखी सौम्य, पण तळापासून जोर देणारा, भरलेली गाडी ओढायला बरा.

"बहात्तरचा घाल," मामा म्हणाला. "एकट्या माणसाला तो पुरे की."

"साठचा घालते."

"अगं, कशाला? वजन कुठंय त्याच्या गाडीत?"

"घाट आहे मामा."

"घाट मी पण बघितलाय," मामा म्हणाला आणि माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला. मी कॅम पुसायला घेतला.

डॉक्टर सुट्टी काढून मदतीला आला. "ऑपरेशन बघायची सवय आहे," म्हणाला. नवा कॅम दार जास्त उघडतो, तेव्हा व्हॉल्व्ह खाली येऊन पिस्टनवर आपटणार तर नाही ना, हे बघावं लागतं. त्यासाठी पिस्टनच्या डोक्यावर मुलं खेळतात त्या मातीची चकती ठेवायची, हेड म्हणजे इंजिनचं वरचं झाकण बसवायचं, इंजिन हाताने फिरवायचं आणि परत उघडून मातीवरचा ठसा मोजायचा. मी पाना त्याच्या हातात दिला आणि मी अंश दाखवणाऱ्या डायलकडे बघत उभी राहिले.

"फिरवा... हळू. अजून हळू."

"इतकं हळू?"

"अडल्यासारखं वाटलं की थांबायचं. जोर लावायचा नाही."

"हे मला येतं," तो म्हणाला. आणि खरंच येत होतं. मी पाहिलेल्या कुठल्याच माणसाने इंजिन इतक्या हलक्या हाताने फिरवलं नव्हतं. हेड उघडलं तेव्हा मातीवर व्हॉल्व्हचा चंद्रकोरीसारखा ठसा होता. मी ब्लेडने माती कापली, जाडी मोजली. तोही वाकून बघत होता. आमची डोकी इतकी जवळ होती की त्याच्या कानामागचा औषधाचा वास मला येत होता, आणि माझ्या केसांतला पेट्रोलचा त्याला येत असणार.

"पुरेसं अंतर आहे?" त्याने विचारलं.

"आहे," मी म्हटलं. "हवं त्यापेक्षा जास्तच आहे."

आम्ही दोघंही जागचे हललो नाही. मामा बाहेरून खोकला.

नव्या कॅमची पहिली वीस मिनिटं फार नाजूक असतात. इंजिन दोन-अडीच हजारांवर धरून ठेवायचं, मध्ये सोडायचं नाही, मंद करायचं नाही. तेवढ्यात कॅम आणि त्याच्या उंचवट्यांवर टेकणारे टॅपेट एकमेकांना घासून एकमेकांच्या सवयीचे होतात. मध्येच ढील दिली तर कॅम कायमचा बिघडतो. मी बॉनेटपाशी उभी राहून हाताने रेस धरली. आवाजाने पत्रे थरथरत होते. तो समोर, बॉनेटच्या पलीकडे उभा. बोलता येत नव्हतं, हलता येत नव्हतं, मग बघण्याशिवाय दुसरं काय उरतं? त्यानेही तेच केलं.

आणि मग मध्येच त्याचे ओठ हलले.

काहीतरी बोलला तो. लहानसं वाक्य. बोलून माझ्याकडे बघत राहिला, उत्तराची वाट बघितल्यासारखा. मी मानेनेच विचारलं, काय? त्याने पुन्हा सांगितलं नाही. माझ्या हातात रेस होती. सोडली तर कॅम जाणार, आणि न सोडावी तर ते वाक्य जाणार. मी रेस धरून ठेवली. कारागीर म्हणून मी बरोबर केलं. बाकी सगळ्याच अर्थांनी माती खाल्ली.

इंजिन बंद केलं तेव्हा कान नुसते गुणगुणत होते. "काय म्हणालात मघाशी?"

"काही नाही," तो म्हणाला. "सहज."

काम संपलं की मी शेवटच्या स्क्रूवर नखांना लावायच्या लाल रंगाचा टिपका देते. रंग वाळला की स्क्रू आणि त्याखालचा भाग दोन्ही त्यात धरले जातात. कुणी स्क्रू फिरवला तर टिपका फुटतो आणि मला कळतं. बाटली मामीने आणलेली. "नखांना लाव गं कधीतरी," ती दरवेळी म्हणते, "नुसती इंजिनं नटवतेस." इंजिनला हवा-पेट्रोल पुरवणाऱ्या त्याच्या कार्ब्युरेटरच्या स्क्रूवर मी टिपका दिला. गाडी उभी असताना एका लयीत चालत होती, चढावर जोमाने ओढत होती. तो खुश होऊन गेला.

आठवड्याच्या आत परत आला. "सिग्नलला उभी केली की थरथरते."

मी ऐकलं. थरथरत होती खरी. स्क्रू लावून वर पुन्हा टिपका दिला. त्याने चहा घेतला, एका बकरीने त्याच्या खिशातलं प्रिस्क्रिप्शन कसं खाल्लं ते सांगितलं. मी इतकी हसले की मामी स्वयंपाकघरातून बघायला आली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा थरथर. या वेळी मी विजेरी लावून नीट बघितलं. लाल टिपका मधोमध फुटलेला होता. स्क्रू आपोआप असा अर्धा फेरा फिरत नाही. मी मान वर केली. डॉक्टर बाहेर उभा राहून आमच्या भिंतीवरचे पाने मोजत होता, कान मात्र लालभडक.

मी मान पुन्हा खाली घातली. स्क्रू लावला, नवा टिपका दिला. तो गेला आणि मी मोठ्याने गाणं म्हणत तीन गाड्यांचं काम केलं. मामा म्हणाला, "ठिणगे, आज मेकॅनिक आहेस की रेडिओ?"

मग हे असं चालूच राहिलं. तो टिपका फोडून यायचा, मी नवा द्यायची. मधल्या दिवसांत रस्त्यावर कुठलीही जुनी गाडी वळली की माझे कान टवकारायचे. त्याच्या गाडीचा आवाज मी लांबून ओळखायची. तो कॅम मी बसवला होता, माझ्याच हाताखालून श्वास घ्यायला शिकलेलं इंजिन ते. आवाज तिचा नसला की हातातला पाना उगाच जड व्हायचा. तो यायचा तेव्हा मी म्हणायची, "आलात? परत?" जणू काय मला कटकटच. आणि तो म्हणायचा, "काय करू, गाडी ऐकत नाही."

पण बोलत तर नव्हताच. इतके टिपके फुटले, पण एक वाक्य काही फुटत नव्हतं.

माझा स्वभाव तुम्हाला एव्हाना कळला असेल. मला वाट बघता येत नाही. मला वाटलं, याचा स्क्रू काढून घेतला पाहिजे. कारण उरलं नाही की माणूस विनाकारण येईल. आणि विनाकारण आला की त्याला सांगावंच लागेल का आला ते. मोठा हिशोबी डाव वाटला मला. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मी स्क्रू जाम करणारं औषध ओतलं, वर पत्र्याची टोपी ठोकून बसवली आणि हात पुसत म्हटलं, "झालं. आता हा स्क्रू कुणाच्या बापालाही फिरवता यायचा नाही."

तो टोपीकडे बघत राहिला. "म्हणजे आता... मला यायची गरज नाही?"

"नाही," मी ऐटीत म्हटलं. "आता गरज नाही."

आणि थांबले. आता बोल, आता बोल, असं मनात म्हणत.

"तुम्ही फार त्रास घेतलात," तो म्हणाला. "आभारी आहे." गाडीत बसला, हळूच दार लावलं आणि गेला.

तो आला नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही नाही. कारागिरीत मी कधी इतकं चांगलं काम केलं नव्हतं. तो स्क्रू अजिबात हलत नसणार.

पाऊस संपला, उन्हं स्वच्छ झाली, संध्याकाळी गार वारा सुटायला लागला. गॅरेजच्या दारातून घाटाचा रस्ता दिसतो, एक बारीक पांढरी रेघ. मी तिच्याकडे पाठ करून काम करायला लागले, तर मामाने बाकच फिरवून ठेवला. "उजेड बरा येतो इकडून," म्हणाला. रोज वाटायचं, चूक माझी आहे, मीच जावं. आणि रोज वाटायचं, जाऊन सांगायचं काय? तुमचा स्क्रू मोकळा करायला आलेय?

मग एका सकाळी दूधवाला ब्रेक बघायला आला. तो आमचं जुनं गिऱ्हाईक.

"तो जनावरांचा डॉक्टर," तो मामाला सांगत होता, "त्याच्या गाडीला काय घातलंत हो? पाठीमागून येतो आणि घाटात मला टाकून जातो. हॉर्नसुद्धा वाजवत नाही, भला माणूस. परवा वरच्या वस्तीतल्या म्हातारीची अडलेली गाय वेळेवर सोडवली त्याने. पण आता काय... चाललाच तो."

"कुठे?" मी विचारलं.

"बदली झाली. पार डोंगरापलीकडे. सामान बांधतोय."

मी हातातला ब्रेकचा पाइप खाली ठेवला. मामा दुसरीकडेच बघत म्हणाला, "हजार किलोमीटर कधीच झाले असतील त्याचे. नव्या कॅमचं टॅपेट सेटिंग राहिलंय की नाही? आपलं काम अर्धवट सोडून गिऱ्हाईक डोंगरापलीकडे गेलं तर नाव कुणाचं जाईल?"

"आपलं," मी म्हटलं.

"मग?"

मी पान्यांची पिशवी घेतली. मामीने दारात हटकून माझ्या गालावरचं ऑइल पदराने पुसलं, काही न विचारता. तोवर मामाने ब्रेक जोडून दिले होते आणि दूधवाला रिकामे कॅन घेऊन वर निघालाच होता; मी त्याच्या शेजारी चढून बसले.

दवाखान्याच्या अंगणात हिरवी गाडी उभी होती. बॉनेट तापलेलं, तो नुकताच कुठून तरी आलेला. आत अर्ध्या रिकाम्या कपाटांत खोकी भरून ठेवलेली, पायाला पट्टी बांधलेलं एक बकरीचं पिल्लू कोपऱ्यात बसलेलं. आणि भिंतीवर दोन खिळ्यांवर आडवा ठेवलेला तो तीनशे चारचा कॅम.

तो हात धूत होता. मला बघून नळ बंद करायचा विसरला.

"टॅपेट सेटिंग," मी पिशवी उचलून दाखवली. "हजार किलोमीटरनंतर करावंच लागतं. नियम आहे."

"हो... हो, का नाही. लगेच करायचं?"

"इंजिन गार झाल्याशिवाय हात लावता येत नाही. गरम असताना टॅपेटची फट चुकीची भरते."

"किती वेळ लागेल गार व्हायला?"

"तीन-चार तास."

"मग बसा ना," तो म्हणाला.

"बसतेच आहे."

पण दोघंही बसलो नाही. मी अंगणात आले, तो मागोमाग; बॉनेटचा खटका ओढायला गाडीचं दार उघडलं आणि तशीच वाकून राहिले. गॅरेजात खटका तोच ओढून द्यायचा, त्या खेपांत मी आत कधी डोकावलेच नव्हते. पुढची सीट रिकामी होती. लसींची पेटी मागे, सीटच्या जागी बसवलेल्या लोखंडी चौकटीत, चार बोल्टांनी आवळलेली. बोल्ट मी बोटाने पुसून बघितले. त्यांच्यावर धूळ बसून, पावसाचा ओलावा लागून, गंजाचा पिवळा थर आला होता. हे काल-परवाचं काम नव्हतं.

"ही पेटी मागे कधीपासून?" मी न वळता विचारलं.

"तुम्ही मागे बसून घाट चढलात ना... त्या आठवड्यापासून."

"मग इतके दिवस पुढे कोण बसतं?"

"कोणी नाही."

आत पिल्लू एकदा ओरडलं. मी सरळ उभी राहिले.

"स्क्रू मीच फिरवायचो," तो म्हणाला.

"माहितीये मला."

"माहितीये? कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेपासून. टिपका फुटलेला होता."

"तरी बोलला नाहीत?"

"तुम्ही बोललात?" माझा आवाज चढला. "स्क्रू मी जाम केला तो तुम्ही विनाकारण यावं म्हणून! तर आभारी आहे म्हणे... आभार मानून निघून गेलात! मी रोज त्या रस्त्याकडे..." ठिणगी म्हणवणारी मी, आणि डोळ्यांत पाणी.

तो जवळ आला. तसाच जपून, हळू, घाबरवू नये म्हणून.

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि नको झालंय," तो म्हणाला. "आणि मी बोललो होतो. एकदा. ती वीस मिनिटं चालली होती तेव्हा. धीर झाला कारण ऐकू जाणार नाही हे माहीत होतं... आणि मग वाटलं, ऐकू गेलं असतं तर."

"काय म्हणाला होतात?"

त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुम्ही विचारलं होतं, गाडीत माणसं किती. मी एक सांगितलं होतं. ते बदलायचं होतं मला. म्हणालो, दोन धरा."

इतके दिवस ज्या वाक्यासाठी मी झुरले, ते एवढंसं होतं. मला एकदम हसू आलं, रडता रडताच.

"डॉक्टर," मी म्हटलं, "एकट्या माणसाला बहात्तरचा कॅम पुरला असता. मामा तेच म्हणत होता. मी साठचा घातला. दोन माणसांचा."

त्याला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याच्या चेहऱ्यावरचं ते जपून उभं राहणं पहिल्यांदा सुटलं. त्याने माझा हात हातात घेतला, ऑइलच्या नखांसकट, आणि इंजिन गार होईपर्यंत सोडला नाही.

ऊन उतरायला लागलं तेव्हा मी टॅपेट केले. तो एकेक पाना मागायच्या आधी हातात देत होता. पत्र्याची टोपी मी उचकटून काढली, औषध खरवडलं, स्क्रू मोकळा केला. गाडी सुरू केली. ती एका लयीत, शांत उभी राहिली.

"लाल टिपका?" त्याने विचारलं. बाटली माझ्या खिशात होती, त्याला दिसत होती.

"काम संपलं की लावते."

"मग?"

"संपलं नाही."

तो सोमवारी जाणार होता. ते काही बदलणार नव्हतं. मधे एक अख्खा डोंगर येणार होता, आणि वाट बघणं दोघांच्याही वाट्याला येणार होतं. मला घरी सोडायला त्याने किल्ली घेतली.

"तिकडचा घाट याच्या दुप्पट आहे म्हणतात," तो म्हणाला. "कॅम बदलावा लागेल का?"

"रस्ता बघितल्याशिवाय मी सांगत नाही," मी म्हटलं. "बघायला यावं लागेल मला."

"कधी?"

"टिपका फोडून कारण काढायची गरज उरली नाही ना आता? मग कधीही येईन, विनाकारण."

मी पुढचं दार उघडून बाजूच्या सीटवर बसले. पेटी काढल्यापासून त्या सीटवर कोणी बसलेलं नव्हतं, स्प्रिंगा कुरकुरल्या. त्याने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि ती आम्हा दोघांना घेऊन अंगणाचा चढ सहज चढली.